आप्पांच्या जुवाचं लाकूड

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, पोराच्या नाही, देवाच्याही नाही — म्हणजे देवाला ठाऊक असेल तर असो, मी होऊन सांगितलेलं नाही. देवळात गेलो की घाईघाईनं हात जोडतो आणि बाहेर पडतो. बायकोला वाटतं, माझे गुडघे दुखतात म्हणून मी बसत नाही. गुडघे दुखतातही, पण ते कारण नव्हे.

तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला रोज भेटणार नाही म्हणून असेल. आमच्या राजुरीत तर सकाळी चहा घ्यायला बाहेर पडलं तरी ज्याला टाळायचं तोच समोर येतो. बरं, हसून येतो. शिव्या देत आला असता तर मला बरं वाटलं असतं. पण थांबा, असं मधूनच सांगायला लागलो तर तुम्हाला काही कळायचं नाही.

मी सुतार. रस्त्यालगत पत्र्याची शेड आहे, तीत लाकूड कातायचा लेथ आहे. माझ्या वडिलांनी जन्मभर जुवं आणि औतं केली. मी पोळपाट-लाटणी करतो, खाटेचे खूर करतो, खुरप्यांच्या मुठी करतो. आणि गेली काही वर्षं एक नवीनच काम मिळायला लागलंय. हौशी लोक जुन्या गाड्या बाळगतात, आणि त्यांना गिअरच्या दांड्यावरची मूठ लाकडाची हवी असते. नॉब म्हणतात ते. कंपनीची प्लॅस्टिकची मूठ त्यांच्या डोळ्यांत खुपते. एकानं आजीच्या मुसळाचा तुकडा आणला होता, ‘ह्याचीच करा’ म्हणाला. आधी मला हसू यायचं. मग त्या कामाची गोडी लागली.

काम दिसतं तितकं सोपं नाही. लाकडाच्या पोटात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, बसवावा लागतो, त्याला दांड्यावर असतात तसेच आटे पाडावे लागतात. आट्यांत जरा फरक पडला की मूठ डगडगते आणि चालवणारा आपल्या नावानं खडे फोडतो. शिवाय मूठ हाताला बसली पाहिजे. त्यासाठी मी बायकोकडून कणकेचा गोळा आणतो आणि गिऱ्हाइकाला दांडा धरल्यासारखा तो दाबायला लावतो. पंजाचा जो ठसा उठेल त्याच्यावरून आकार ठरतो. ही माझी स्वतःची युक्ती, आणि मला तिचा गर्व होता. गर्वाचं तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं.

दत्तूभाऊ आणि किसन हे आमच्या शेजारच्या वस्तीवरचे सख्खे भाऊ. दत्तूभाऊ थोरला, आवाज मोठा, चारचौघांत शब्दाला वजन. किसन धाकटा. तो कसा आहे म्हणाल तर — नीटनेटका. गावात कुणाला काही ठेवायचं झालं की किसनकडं ठेवायचं, असं ठरलेलंच होतं. भजनी मंडळाचा पखवाज त्याच्याकडं, लग्नाकार्याची मोठी पातेली त्याच्याकडं, कुणी मुंबईला पोराकडं गेलं तर घराची किल्लीही त्याच्याकडं. वस्तू जशी द्याल तशी परत मिळायची, उलट जरा पुसूनच मिळायची.

त्यांचे वडील आप्पा म्हणजे बैलगाडा शर्यतीचे नादिष्ट. यात्रेच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, त्यांचा गाडा सुटला की आप्पा डोक्यावरचा पटका काढून हवेत फेकायचे. त्यांच्याकडं एक जुनी जीप होती, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली. सरकारी लिलावात घेतलेली. तिच्या गिअरची मूठ कधीच फुटली होती, आणि आप्पा दांड्याला चिंधी गुंडाळून चालवायचे. आप्पा गेले. दत्तूभाऊनं जिद्दीनं जीपचं इंजिन करून घेतलं, रंग दिला, आणि ठरवलं की वर्षश्राद्ध झालं की सगळ्यांनी आप्पांच्या जीपमधून भीमाशंकरला जायचं. राहिली होती फक्त मूठ.

तेव्हा किसनला आठवलं. आप्पांच्या गाजलेल्या बैलजोडीचं जू मोडलं होतं, त्याचा हातभर तुकडा आप्पांनी टाकू दिला नव्हता. किसननं तो गोठ्याच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळून जपला होता. दर दसऱ्याला खाली काढायचा, करंजाचं तेल लावायचा, हळद-कुंकू वाहून परत वर ठेवायचा. त्याची मूठ करायची ही कल्पना किसनची. आणि ते जू केलं होतं माझ्या वडिलांनी. बाभूळ त्यांनी स्वतः निवडली होती.

दोघं भाऊ मिळून आले. किसननं तुकडा उपरण्यात गुंडाळून, लेकरू आणावं तसा दोन्ही हातांवर आणला होता. मी कणकेचा गोळा आणला. दत्तूभाऊनं दाबला. मग म्हणाला, “किसना, तू बी दाब. निम्म्या टायमाला तूच चालवणार हायस.” किसननं हात धुतले, पुसले, आणि त्याच ठशावर आपला पंजा ठेवला. दोघांचे हात बऱ्यापैकी सारखे निघाले. दोघं हसले. मी पण हसलो.

आता इथून पुढं सांगायला जड जातं.

त्या दिवसांत मला मोबाइलवर व्हिडिओ टाकायची चटक लागली होती. लेथवर लाकूड फिरतंय, भुसा उडतोय, लोक ‘वा मिस्त्री’ म्हणतायत. मी ठरवलं, आप्पांच्या जुवाची मूठ होताना सगळी एका दमात टिपायची. मोबाइल डब्याला टेकवून उभा केला आणि लाकूड चढवलं. दुपार होती, शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. लाकूड काय सुंदर होतं म्हणून सांगू! वरचा काळपट थर निघाला आणि आतून लालसर, घट्ट, तेल प्यायलेलं अंग दिसायला लागलं. वडिलांची निवड. मला एकदम त्यांचा अभिमान वाटला.

लाकूड कातणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात — लाकूड जसं बारीक होत जाईल तसा पटाशीचा टेका, म्हणजे जिच्यावर पटाशी टेकवतात ती लोखंडी पट्टी, लाकडाजवळ घ्यायचा, आणि त्यासाठी मशीन बंद करायचं. मी हे शेकडो जणांना बजावलंय. पण मशीन बंद केलं असतं तर व्हिडिओ तुटला असता. मी नाही बंद केलं. पटाशीचं टोक लांबून थरथरत होतं, मला दिसत होतं, आणि मी मोबाइलकडं बघून हसलो. पटाशी अडकली. असा आवाज झाला की माझा हात आपोआप तोंडावर गेला. लाकूड फुटून त्याच्या ढलप्या झाल्या, एक तर पत्र्यावर जाऊन आपटली.

एवढंच असतं तर हा कबुलीजबाब कसला? चूक झाली, हात चुकला. दत्तूभाऊ चिडला असता, चार दिवस बोलला नसता. किसन तर मलाच म्हणाला असता, भाऊ, तुम्हाला लागलं तर न्हाई ना? हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी काय केलं? आधी व्हिडिओ पुसला. मग ढलप्या गोळा केल्या आणि खाली बसून विचार करायला लागलो की आता माझं कसं होणार. आप्पांनी जपलेलं लाकूड फोडलं म्हणून गाव काय म्हणेल. बापानं केलं ते पोरानं फोडलं असं म्हणेल. लोक हसतील. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

मी दत्तूभाऊला सांगितलं की लाकूड आतून वाळवीनं खाल्लेलं निघालं.

हं. सांगून टाकलं. पण हेही सगळं नाही. मी हा भाग तुम्हाला सांगावा की नाही याचा आत्ताही विचार करतोय. नुसतं सांगून भागलं नसतं ना. दत्तूभाऊ शेतकरी माणूस, बाभळीच्या गाभ्याला वाळवी सहजी शिवत नाही हे तो जाणून असणार. तो लाकूड बघायला मागणार. म्हणून मी शेडमागच्या आंब्याच्या खोडावर चढलेली वाळवीची माती खरवडून आणली. ती ओली केली. बारीक ड्रिलनं ढलप्यांना आतून भोकं पाडली, वेडीवाकडी, वाळवी पाडते तशी, आणि त्यांच्यात ती माती भरली. उन्हात वाळवली. हे मी सावकाश, मन लावून केलं. लेथवर एवढी काळजी घेतली नव्हती. मी सुतार आहे, मला वाळवीचं काम बरोबर ठाऊक आहे. काम चांगलं वठलं.

दत्तूभाऊ आला, त्यानं ढलप्या हातात घेतल्या आणि बोटानं माती कुस्करली.  आता म्हणेल, आता म्हणेल! पण सुतारानं सांगितल्यावर लाकडाच्या बाबतीत कोण कशाला शंका घेईल? त्यानं फक्त विचारलं, “म्हंजी ओल लागली व्हती?” मी म्हणालो, “गोठ्यातल्या माळ्याला ओल लागणारच ना राव.” हे मी म्हणालो. किसनचं नाव मी घेतलं नाही, असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत आलो. नाव घ्यायची गरजच कुठं होती?

मग मी माझ्याजवळची जुनी शिसव काढली, जपून ठेवलेली. तिची मूठ केली. टेका वेळच्या वेळी जवळ घेतला, मशीन दर वेळी बंद केलं. कणकेचा ठसा वाळून कडक झाला होता, त्याच्यावर बेतून अंगठ्याच्या जागी हलकासा खळगा घेतला. बुश बसवला, आटे पाडले, तेल पाजलं. तुम्हाला खोटं वाटेल, पण मी आजवर केलेल्या मुठींत तीच सगळ्यांत चांगली झाली. दत्तूभाऊ म्हणाला, “तू तरी लाज राखलीस.” मी मान खाली घातली. तो माझा विनय समजला.

भीमाशंकरला निघालो तेव्हा मला आग्रहानं जीपमध्ये घेतलं. दत्तूभाऊच्या शेजारची जागा दिली. ती किसनची जागा. किसन माझ्यासमोर जीपमध्ये चढायला आला आणि दत्तूभाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, “तू ऱ्हाऊ दे. आप्पांची येक वस्तू दिली सांभाळाया, ती वाळवीला चारली. आता गाडीला बी हात लावू नगंस.”  किसन मागं फिरला. मोटरसायकल काढून जीपच्या मागून आला, आमच्या टायरची सगळी धूळ खात.

वाटेत शिनोलीला चहाला थांबलो. किसन रस्त्याच्या पलीकडंच मोटरसायकलवर बसून राहिला. त्याची बायको कप घेऊन गेली तर त्यानं मान हलवली. इकडं टपरीवरची दोन माणसं जीप बघायला आली, मुठीवरून हात फिरवून बघितला, “लई भारी काम हाय” म्हणाली. दत्तूभाऊनं माझ्याकडं बोट दाखवलं. तेवढं अंतर होतं, रस्ता ओलांडायचा, एवढंच. मी चहा घेतला. दुसऱ्यांदा मागून घेतला.

तेव्हा नाही बोललो, नंतर बोलेन असं वाटत होतं. राग निवळेल, भाऊच आहेत, एक होतील. पण गावात शब्द फिरला. ‘वाळवीला चारली’ हे लोकांना चघळायला बरं वाटलं. कुणी किसनकडं काही ठेवायला आलं की थट्टेनं म्हणायचं, बघ बाबा, वाळवी लावशील. थट्टाच ती. त्यानं एक दिवस पखवाज नेऊन मंडळाला परत दिला. मग पातेली दिली. मग किल्ल्या. ज्याची वस्तू त्याच्या दारात पोचती करून आला आणि कोठी रिकामी केली. का म्हणून विचारलं तर म्हणायचा, “माज्याकडं नगं. माज्याकडं जिन्नस टिकत न्हाई.”

आणि एक दिवस तो माझ्या शेडमध्ये आला. मी लाटण्याला पॉलिश पेपर घासत होतो. तो लेथजवळच्या फळकुटावर बसला. म्हणाला, “भाऊ, येक इचारू? मी दर दसऱ्याला त्येल लावत व्हतो. हातानं चाचपून बघत व्हतो. मला कदी वाळवी दिसली न्हाई. तुमी सुतार हायसा. खरंच आतनं खाल्लं व्हतं का?”

बघा, त्यानं माझ्यावर संशय घेतला नव्हता. त्याच्या डोळ्यांत संशय असता तर मी कदाचित... नाही, तसं म्हणण्यात अर्थ नाही. तो स्वतःवरच संशय घेत होता आणि मला विचारत होता, माझी चूक नेमकी कुठं झाली. दुपारचीच वेळ, शेडमध्ये आम्ही दोघंच. इतकी सरळ संधी माणसाला आयुष्यात कितीदा मिळते?

मी म्हणालो, “वाळवी बाहेरनं दिसत नसती, किसन.”

आणि वर त्याला चहा पाजला. त्यानं मान डोलावली. माझी सुटका झाली असं मला वाटलं — हो, वाटलं, खोटं कशाला सांगू? तो गेल्यावर मी मोकळा श्वास घेतला. नंतर हात धुवायला गेलो आणि धुतच राहिलो.

त्या संध्याकाळी किसन दत्तूभाऊकडं गेला आणि त्यानं थोरल्या भावाचे पाय धरले. माजं चुकलं दादा, आप्पांची वस्तू मी नीट सांभाळली न्हाई, असं म्हणाला. दत्तूभाऊनं त्याला उठवून जवळ घेतलं. दोघंही रडले म्हणे. गावानं दत्तूभाऊचं कौतुक केलं, मन मोठं म्हणाले. मीही म्हणालो.

आता तुम्ही म्हणाल, झालं ना मग, भाऊ एक झाले, जुनं कशाला उकरायचं? मीही स्वतःला हेच सांगत होतो. पण किसन पहिल्यासारखा झाला नाही. घरातले पैसे बायकोकडं देतो, पोरीच्या लग्नाचं सोनं दत्तूभाऊकडं ठेवायला दिलं. स्वतःच्या हाताकडं बघत बसतो कधीकधी. त्याला रस्त्यावर लांबून येताना पाहिलं की मी शेडमध्ये शिरतो. आज कळलं असेल का? कुणी बोललं असेल का? बोलणार कोण, माहीत तर मला एकट्याला. तरी शिरतोच. शेडचं दार वाजलं की मी आधी लेथ बंद करतो.

गेल्या महिन्यात दत्तूभाऊला छातीच्या दुखण्यासाठी पोरानं पुण्याला नेलं. औषधपाणी होईपर्यंत तिकडंच राहायचंय. तोवर जीप कुणाच्या नजरेखाली ठेवायची हा प्रश्न आला. किसनकडं ऐसपैस शेड आहे, दत्तूभाऊच्या घराच्या भिंतीला भिंत लागून. दत्तूभाऊनं निघताना खरंच मनापासून त्याला म्हटलं, “तुज्याकडं ठिव किसना, झालं गेलं आता.” किसननं ऐकलं नाही. मला बोलावून घेतलं, मलाच चालवायला लावली, आणि जीप माझ्या शेडमध्ये आणून लावायला सांगितली. म्हणाला, “तुमच्याकडं बरी. तुमाला वस्तूची कदर हाय.”

नाही म्हणता आलं असतं. जागा नाही म्हणालो असतो. मी हो म्हणालो आणि वरून ताडपत्री घातली.

बॅटरी उतरू नये म्हणून किसन रोज सकाळी येतो आणि थोडा वेळ इंजिन चालू ठेवतो. ताडपत्री काढतो, फडक्यानं काच पुसतो, सीटवर बसतो. चालू करायच्या आधी गिअर न्यूट्रलला आहे की नाही हे बघावं लागतं. पहिल्या दिवशी त्याचा हात मुठीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. मग तो हात त्यानं मांडीवर ठेवला. म्हणाला, “तेवढा गिअर तुमी बघा भाऊ. ह्या जागी आप्पांचं लाकूड पायजे व्हतं. मला हात लावू वाटत न्हाई.” तेव्हापासून रोज तो नुसता माझ्याकडं बघतो आणि मी पलीकडच्या बाजूनं वाकतो.

आज सकाळीही आला. बसला आणि माझ्याकडं बघितलं. मी वाकलो, मूठ धरली, इकडं तिकडं हलवून पाहिली. तो माझ्या हाताकडं बघत होता, त्याचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. “न्यूट्रलला हाय,” मी म्हणालो, “कर चालू.”

एवढंच म्हणालो.